वारं अंगावरून गेलं नव्हतं

नाना चहा बशीतून पितात. उजव्या हातात कप, डाव्या हातावर बशी; थोडा ओतायचा, एक फुंकर, मग घरभर ऐकू जाईल असा भुरका. त्या सकाळी त्यांनी कप वाकवला आणि चहा बशीत न पडता लेंग्यावर पडला. चटका बसला तरी ते ओरडले नाहीत, उठले नाहीत. हातातल्या कपाकडे नुसते बघत राहिले. आई म्हणते, "असं बघत होते, जसा काही तो हात पाहुण्याचा आहे." तिने दुसरा कप भरून त्यांच्या तोंडाशी धरला, तर ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळ हनुवटीवर आला.

मी तिथे नव्हते. मी नाशकात, म्हसरूळला, माझ्या स्वयंपाकघरात पोरांचे डबे भरत होते. पुढचं बरंचसं ऐकलेलं आहे, पण इतक्या वेळा आणि इतक्या तोंडून, की आता ते मला माझंच पाहिलेलं वाटतं.

द्राक्षबागांच्या गोडी छाटणीचे दिवस होते. ऑक्टोबर लागला की आमच्या दिंडोरी तालुक्यात पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरतात आणि उजाडल्यापासून बागाबागांतून कात्र्यांची कटकट सुरू होते. धाकटा भाऊ टोळीबरोबर वरल्या बागेत गेला होता आणि त्याचा फोन घरात चार्जिंगला लावलेला. घरात आई, नाना आणि हाक ऐकून धावत आलेल्या शेजारच्या आत्याबाई. आत्याबाईंनी नानांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि सांगून टाकलं, "अगं, यांच्या अंगावरून वारं गेलंय."

निदान बरोबर होतं. सीटी स्कॅन होण्याआधी एखादा डॉक्टर जेवढं सांगू शकतो, तेवढं त्यांनी उंबऱ्यातून सांगितलं. आत्याबाईंना मी कधीच दोष दिला नाही. घोळ पुढे झाला, आणि तो त्या शब्दानेच केला. वारं अंगावरून गेलं म्हटल्यावर पुढे काय करायचं हे ठरलेलंच आहे. दारं-खिडक्या लावल्या, आणखी वारं लागू नये म्हणून. नानांना गोधडीत गुंडाळलं. तिळाच्या तेलात लसूण कडवला आणि एकीने तळहात, एकीने तळपाय धरून चोळायला सुरुवात केली. ३५ मिनिटं दोघी चोळत होत्या.

त्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. हाड शाबूत, स्नायू शाबूत, रक्त नीट वाहतंय. त्याला चालवणारा धनी डाव्या कानाच्या वर, कवटीच्या आत गुदमरत होता.

आपल्याकडे या दुखण्याला किती नावं आहेत ते मी नंतर मोजत बसले होते. अंगावरून वारं जाणं. अर्धांगवायू. पक्षाघात, म्हणजे एका बाजूवर झालेला घाव. लकवा. नुसता 'झटका'. एकाही नावात डोकं नाही. सगळी नावं हाताकडे, पायाकडे, वाकड्या तोंडाकडे बोट दाखवतात. इंग्रजी 'स्ट्रोक' तरी काय, नुसता फटकाच. कुठे बसला ते सांगत नाही. आणि हे फक्त गावाकडचं अडाणीपण असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना रोगांची जी जागतिक यादी ठेवते, तिच्या दहाव्या आवृत्तीत पक्षाघात रक्ताभिसरणाच्या आजारांत बसवलेला होता. तो मज्जासंस्थेच्या आजारांत, म्हणजे मेंदूच्या घरी, आला तो अकराव्या आवृत्तीत, आणि ती लागू झाली २०२२ साली. मग आत्याबाईंना काय बोलायचं?

मला फोन आला ७:५० ला. मी शिकलेली, पतसंस्थेत हिशेब बघणारी, घरात बीपीचं मशीन ठेवणारी बाई. मी काय सांगावं? "आई, त्यांची बीपीची गोळी दे आधी. आणि साखरपाणी पाज." आईने दोन्ही केलं. नानांना जोराचा ठसका लागला, अर्धं पाणी नाकातून आलं. पक्षाघातात गिळण्याचं तंत्र बिघडलेलं असू शकतं आणि घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो, म्हणून गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय तोंडात थेंबही घालायचा नसतो, हे मला दुपारी कळलं. आणि बीपी वाढलेलं असतं ते बऱ्याचदा शरीरानेच वाढवलेलं असतं. एक वाट बुजली म्हणून आजूबाजूच्या बारक्या वाटांनी रक्त रेटायची ती धडपड असते. ते उतरवायचं का आणि किती, हे दवाखान्यात बघून ठरवतात. घरून फोनवर नाही. आत्याबाईंचं तेल निदान निरुपद्रवी तरी होतं.

शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये मागे गादी टाकून निघाले. म्हसरूळच्या वळणावर मी चढले. मार्केट यार्डाचे भाजीचे टेम्पो, निमाणीपाशी सिटीबस आणि रिक्षांचा गुंता, होळकर पुलावर पुन्हा थांबलो. पुलावरून गोदावरी दिसते तेव्हा आई नेहमी हात जोडते. त्या दिवशी तिचे दोन्ही हात नानांच्या उजव्या हाताभोवती होते आणि ती अजून चोळतच होती. मी "नको चोळू" म्हणाले नाही. मला तरी कुठे माहीत होतं.

दवाखान्यात पोचल्यावर वाटलं होतं, आधी विचारतील बीपी किती, शुगर किती. तिथली डॉक्टर मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची असेल, तिने वेगळंच विचारलं.

"शेवटचे धड कधी होते?"

"सकाळी सात वाजता लक्षात आलं," मी म्हणाले.

"लक्षात कधी आलं ते नाही, ताई. शेवटचं चांगलं कधी पाहिलं? बोलले, चालले, असं?"

आई म्हणाली, "मोटर चालू करून आले तेव्हा चांगले होते. म्हणाले, लाईट आली बरं का. मग हातपाय धुतले."

"किती वाजता?"

आई घड्याळ बघून जगत नाही. ती लाईटवर जगते. शेतीची थ्री-फेज लाईट कधी रात्री, कधी पहाटे, आठवड्याआठवड्याला वेळ फिरते, आणि त्या वेळेला अख्खं गाव बांधलेलं असतं. भावाने तिथूनच शेजारच्या वस्तीवर फोन लावला, "काय रे, आज लाईट किती वाजता आली?" पलीकडचा माणूस चक्रावला असणार, बाप दवाखान्यात आणि पोरगं लाईटीची चौकशी करू राहिलंय. उत्तर आलं, ६:१०. विहिरीवरून घरी यायला १५-२० मिनिटं. डॉक्टर मुलीने कागदावर ६:३० लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. तो गोल मला अजून दिसतो.

कारण औषधाला घड्याळ होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पक्षाघातात चालतं हे अमेरिकेतल्या १९९५ च्या एका चाचणीने दाखवलं. तेव्हा मुदत होती ३ तास. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनंतर ती साडेचार तासांपर्यंत गेली. नानांचे साडेचार तास ११ वाजता संपणार होते. आम्ही पोचलो ९:१० ला.

सीटी झाला. पडद्यावर मला काहीच वावगं दिसलं नाही, डॉक्टरही म्हणाल्या, "काही नाहीये." मला एवढं हायसं वाटलं की मी भिंतीला टेकले. त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाल्या, "ताई, काही नाही म्हणजे रक्तस्राव नाही. पहिल्या काही तासांत बंद पडलेला भाग सीटीत बहुतेक वेळा दिसतच नाही. रक्तस्राव नाही म्हणून इंजेक्शन देता येईल, एवढाच त्याचा अर्थ." बहुतेक पक्षाघातांत रक्तवाहिनी बुजलेली असते, उरलेल्यांत फुटलेली. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं, हात लुळा. आणि एकाचं औषध दुसऱ्याचा जीव घेईल. फुटलेल्या नळीत गुठळी विरघळवणारं औषध घालून कसं चालेल?

सहीच्या कागदावर लिहिलं होतं की इंजेक्शननेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. १०० तल्या साधारण ५-६ जणांना होतो. भावाने पेन माझ्या हातात दिलं. घरातली मोठी मी. ९:५५ ला इंजेक्शन सुरू झालं.

त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी फोनवर वाचत राहिले. भाऊ शेजारी. तो बारावीनंतर शेतीत उतरला, त्याला माझं वाचून दाखवलेलं काही कळेना. मग त्यानेच ते स्वतःच्या भाषेत उलटवून घेतलं. म्हणाला, "म्हणजे बागेतलं ड्रिप चोक झालंय."

झालं ते अगदी तेच. ठिबक सिंचनात मोठ्या मेन पाइपातून सबमेन, सबमेनमधून बारीक लॅटरल, लॅटरलवर थेंब सोडणारे ड्रिपर. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचंही तसंच जाळं. नानांच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या मिडल सेरेब्रल आर्टरीच्या एका पुढच्या फांदीत गुठळी अडकली होती. मुख्य खोडात अडकली असती तर जांघेतून तार घालून ती ओढून काढतात. २०१५ साली पाच चाचण्यांनी ते एकदम सिद्ध केलं आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करतात. नानांची गुठळी तारेच्या मानाने फार पुढे होती. ही धमनी मेंदूचा बाहेरचा भाग पोसते, आणि तिथे चेहरा आणि हात यांचा ताबा असतो. पायाचा ताबा मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या फटीत, आत वळलेला, त्याला पाणी देणारी लाईन वेगळी. म्हणून नानांचा पाय लवकर उभा राहिला आणि हात मागे राहिला. हातापायांच्या तारा मेंदूच्या बुडाशी एकमेकींना ओलांडतात, म्हणून डावीकडची चोक उजवीकडे दिसली.

भावाला एक गोष्ट मात्र पटत नव्हती. "पण बागेला तर चार दिवस पाणी नाही मिळालं तरी मरत नाही." तिथेच ड्रिपची उपमा तोकडी पडते. जमिनीत ओल असते, खोडात साठा असतो. मेंदूकडे साठा जवळपास नाहीच. वजनाने शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू खातो २० टक्के, आणि तोही रोजचा रोज, क्षणाचा क्षणाला. रोजंदारीवर जगणारं घर.

आणि खातो कशासाठी? हे वाचताना मी दोनदा मागे जाऊन पाहिलं. मेंदूच्या पेशींच्या पडद्यात पंप बसवलेले असतात. आत झिरपणारं सोडियम बाहेर फेकायचं, पोटॅशियम आत ओढायचं, दिवसरात्र. मेंदूच्या ऊर्जेचा मोठा वाटा एवढ्या एका कामावर खर्च होतो. रक्त थांबलं की ऊर्जा थांबते, ऊर्जा थांबली की पंप थांबतात. सोडियम आत येतं, त्याच्यामागोमाग पाणी येतं, पेशी फुगते. शेजारच्या पेशीला निरोप द्यायला ग्लुटामेट नावाचं रसायन असतं, ते थेंबाथेंबाने वापरायचं. बुडणारी पेशी ते सगळं एकदम सांडते. त्या भडिमाराने शेजारच्या पेशी पेटतात, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि पेशीतलीच पाचक द्रव्यं पेशीला पचवायला लागतात. म्हणजे उपासमारीने जेवढं मरतं, त्यात या आरडाओरड्याने मरणाऱ्यांची भर पडते.

मी हे सगळं सांगितल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, "लाईट गेली, मोटर बंद पडली, विहीर भरली." त्याच्या एका वाक्यात माझी दीड तासाची वाचनं बसली.

पण सगळंच लगेच मरत नाही, आणि सगळा जीव त्या 'सगळंच नाही'मध्ये अडकलेला असतो. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात. बोलत नाहीत, हुकूम देत नाहीत, पण जिवंत असतात. १० च्या खाली गेलं की मरायला लागतात. गुठळीच्या अगदी पुढचा गाभा पहिल्या काही मिनिटांतच जातो. त्याच्याभोवती या दोन आकड्यांच्या मधला एक पट्टा असतो, माना टाकलेला पण न वाळलेला. दुपारी शेंडे मलूल झालेली बाग संध्याकाळी पाणी मिळालं की उभी राहते, तसा. शास्त्रज्ञांनी त्याला ग्रहणातला शब्द दिलाय, पेनम्ब्रा. उपच्छाया. पूर्ण सावली नाही आणि उजेडही नाही. हे नाव कळल्यावर मी आईला सांगितलं की नानांच्या मेंदूचा काही भाग ग्रहणात आहे. शास्त्र सांगायला गेले आणि तिने सरळ विचारलं, "सुटलं का मग?"

काही सुटलं, काही नाही.

हिशेब माझा पेशा. म्हणून एक आकडा मी वाचायला नको होता. जेफ्री सेव्हर नावाच्या अमेरिकी मेंदुतज्ज्ञाने २००६ साली मांडलेलं गणित: मोठी धमनी बुजली तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी जातात, १,४०० कोटी जोडण्या जातात आणि १२ किलोमीटर लांबीचे तंतू. दोन मिनिटांत जवळजवळ दिंडोरी ते नाशिक. तेल चोळण्याच्या ३५ मिनिटांचे किती? ६ कोटी ६५ लाख पेशी. ४२० किलोमीटर. मी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे केलं आणि पुसून टाकलं. नानांची धमनी मोठी नव्हती, फांदी होती. तो सरासरीचा आकडा त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला कळत होतं. एकंदर मेंदूत ८,६०० कोटी चेतापेशी असतात, हेही मी स्वतःला सांगितलं. तरी आईला हा हिशेब मी आजवर सांगितलेला नाही, आणि ती हे वाचणार नाही याची मला खात्री आहे.

तिसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर सूज, सूज एवढंच म्हणत होत्या. मेलेल्या भागाची सूज त्याच दिवसांत चढते, कवटीत जागा तेवढीच, म्हणून दर काही तासांनी डोळ्यांवर बॅटरी. सूज फार चढली नाही. चौथ्या दिवशी नाना पहिल्यांदा बोलले. आईने नेहमीसारखं विचारलं, "बरं वाटतंय का?" नाना तिच्याकडे बघून स्पष्ट म्हणाले, "मंगळवार."

त्या दिवशी मंगळवार नव्हता. वारं गेलं त्या दिवशीही नव्हता. पाणी हवं, मंगळवार. उशी नको, मंगळवार. भाऊ दिसला की खुशीत, मंगळवार! नर्सने सुई टोचली की रागात, मंगळवार! सूर दर वेळी नेमका असायचा, शब्द मात्र एकच. जणू बाकीची सगळी किल्ल्यांची जुडी हरवून एकच किल्ली हाती राहिली आणि ती ते प्रत्येक कुलपाला लावून बघत होते.

पॅरिसमध्ये असा एक माणूस होता, त्याला दवाखान्यात सगळे 'तान' म्हणायचे, कारण तो तेवढंच बोलायचा. समजायचं त्याला सगळं. १८६१ साली तो गेल्यावर पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला पुढच्या भागातली खराब झालेली जागा दाखवून दिली. बोलणं मेंदूत कुठे असतं याचा पहिला ठोस पत्ता जगाला एका न बोलू शकणाऱ्या माणसाकडून मिळाला. आता त्याला वाचाघात म्हणतात. शब्द सापडत नाही, अक्कल जात नाही.

हे शेवटचं आमच्या पाहुण्यांना कोणी सांगावं? घरी आणल्यावर रीघ लागली. नारळपाणी घेऊन यायचे आणि नानांशी ओरडून बोलायचे, ते बहिरे झाल्यासारखे. नाहीतर त्यांच्यासमोरच आईला विचारायचे, "ओळखतात का?" एका मामांनी पारव्याचं रक्त चोळायचा उपाय सांगितला, कुठे मिळेल तेही सांगितलं. नाना सगळं ऐकत होते. मामा निघताना त्यांनी असा काही 'मंगळवार' म्हटला, की मामा सोडून सगळ्यांना अर्थ कळला.

आईने त्या शब्दाचा स्वतःचा अर्थ लावला. मंगळवार गणपतीचा. तिने मंगळवार धरले आणि आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला नवस बोलली. मी वाद घातला नाही. मेंदूतून तोच एक शब्द का निसटून बाहेर राहिला, याचं तिच्याएवढं पक्कं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गुठळी आली कुठून ते ईसीजीच्या पट्टीने सांगितलं. नानांच्या हृदयाचा ठोका बेताल होता. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त कोपऱ्यात साचतं, साचलं की गोठतं, आणि एक दिवस त्यातला खडा निसटून वर जातो. अशा ठोक्याच्या माणसाला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट. मग आठवलं, गणपतीच्या सुमारास नाना म्हणाले होते, "छातीत चिमणी फडफडल्यावाणी होतं." आम्ही म्हणालो, छाटणीचं टेन्शन. हातात मशीन होतं, बीपी बघितलं, १४०, ठीक आहे म्हटलं. नाडी हाताने धरून बघितली असती तर बेतालपणा कदाचित बोटांना लागला असता. आता ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात, दोन वेळा, आणि तिची वेळ चुकली तर आई घर डोक्यावर घेते.

स्पीच थेरपिस्टच्या पहिल्याच भेटीत एक गंमत झाली. तिने कॅलेंडर दाखवून विचारलं, हा वार कोणता? बुधवार होता. नाना, "मंगळवार." मग ती म्हणाली, "माझ्याबरोबर म्हणा, सोमवार…" आणि नाना घसरगुंडीवरून घसरल्यासारखे गेले, "सोमवार मंगळवार बुधवार गुरुवार शुक्रवार शनिवार रविवार." आईच्या हातातली पिशवी पडली. मग पाढे. बे एके बे पासून बारापर्यंत अडखळ नाही. दिडकीसुद्धा, म्हणजे दीडाचा पाढा! मला स्वतःला दिडकी येत नाही. पण "नाना, सहा दुणे?" असं मधूनच विचारलं की कोरे.

शिकून घट्ट झालेलं, साखळीसारखं बोलणं हे विचार करून शब्द शोधण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतं. त्यात उजव्या मेंदूचा आणि मेंदूच्या आत खोलवरच्या पेशींच्या पुंजक्यांचा हात असतो, असं मानतात. पाढे, वार, आरत्या आणि शिव्या. हो, शिव्याही. बायकोचं नाव घेता येत नव्हतं त्या दिवसांत पेंडीचं पोतं फाडणाऱ्या कुत्र्याला नानांनी ओसरीतून अशी सणसणीत, सहा शब्दांची, व्याकरणशुद्ध शिवी हाणली की आई लाजून आत पळाली आणि आत जाऊन रडली. आनंदाने.

रडायचे मात्र नानाच जास्त. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी रडू. २०१४ च्या मार्चमधल्या गारपिटीत उतरायला आलेली बाग झोडपून निघाली, तेव्हा हा माणूस डोळ्यांतून टिपूस न काढता गारांच्या थरावर उभा होता. पक्षाघातानंतर रडण्या-हसण्याचा लगाम सैल पडतो, आत दुःख असेलच असं नाही. आणि पुष्कळांना खरंखुरं नैराश्यही येतं. यातलं कुठलं रडणं कुठलं, हे ओळखायला आम्हाला दोन महिने लागले. जाहिरातीचं रडणं आलं तसं जायचं. संध्याकाळी बागेकडे तोंड करून बसल्यावरचं जायचं नाही.

हाताचं सांगते. बोटं थोडी उघडत होती म्हणून फिजिओथेरपिस्टने चांगला डावा हात दिवसाचे काही तास बांधून ठेवायला सांगितला, म्हणजे झक मारून उजवा चालेल. आई उपरण्याने बांधायची. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे, काढायचे. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. पहिल्या दिवशी एका शेंगेला चार मिनिटं लागली. मी मोजली, सवय. शेंग निसटायची, अंगठा भलतीकडे जायचा, कपाळावर घाम. शेवटी टरफल फुटलं आणि दाणे घरंगळत पलंगाखाली गेले. नाना पलंगाखाली बघत राहिले, मग उजव्या हाताकडे. त्या सकाळी कपाकडे बघत होते तसं नव्हतं ते बघणं. या वेळी त्यांनी हाताला शिवी दिली. म्हणजे हात परत घरातला झाला होता. मेलेल्या पेशी परत येत नाहीत; आजूबाजूच्या पेशी हळूहळू त्यांचं काम शिकतात, आणि शिकतात त्या हजारदा केल्यावर. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते म्हणतात. आमच्याकडे ती नवव्या महिन्यातही थोडी थोडी चालू होती.

पुढचा ऑक्टोबर आला. टोळी आली, मुकादम तोच, पेठकडचा. मी सुट्टी काढून गावी गेले होते. सकाळी सगळे ओसरीसमोर उभे, आणि मुकादमाने विचारलं, "कोणत्या बागेपासून धरू?" भाऊ सांगायला पुढे झाला. पण मुकादम त्याच्याकडे बघत नव्हता. तो नानांकडे बघत होता आणि थांबला होता. वर्षभरात आमच्याकडे आलेल्या माणसांत असं थांबलेला मला तो पहिलाच दिसला.

नानांनी तोंड उघडलं. 'मं' ओठावर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला. मग उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटावर ठेवत, व्हॉल्व्ह ज्या क्रमाने उघडायचे त्या क्रमाने, पाढा म्हणावा तसं सुरू केलं, "विहिरीची… नाल्याची… आंब्याखालची…"

अंगठा करंगळीवर थांबला.

"वरली," नाना म्हणाले.

मुकादमाने मान हलवली, कात्रीची कडी काढली आणि टोळी वरल्या बागेच्या रस्त्याला लागली.